ऑलिव्हिया रॉड्रिगो, 'सावर' ते 'गट्स': गायिका वाढली की निर्मात्याने वाढवली?

मध्यलय
पहिला अल्बम 'सावर' मे २०२१ मध्ये आला तेव्हा अमेरिकन पॉप गायिका ऑलिव्हिया रॉड्रिगो १८ वर्षांची होती. दुसरा, 'गट्स', आला सप्टेंबर २०२३ मध्ये, ती विशीत असताना. दोन्हींचा निर्माता एकच, डॅन नायग्रो. प्रेमभंग आणि त्यानंतरची धुसफूस हा मालही दोन्हीकडे आहेच. तरी 'गट्स'मध्ये ती कलावंत म्हणून केवढी वाढली, हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं, आणि वाढ नेमकी कशात ते कोणी सांगत नाही. माझा संशय असा की वाढला आहे तो नायग्रोचा वाद्यमेळ. पोरगी आहे तिथेच आहे.

पटत नसेल तर खोडून काढा, पण गाण्याचं नाव घेऊन, कुठे काय होतं ते सांगून. 'किती रिलेट होतं नै' छापाचे प्रतिसाद कृपया दुसऱ्या धाग्यावर.

तिरकस_तान
पहिला!
विरहावर दोन अल्बम म्हणजे फार नाही हो. ज्ञानोबांनी विरहिण्या लिहिल्या त्यात समोरची पार्टी थेट विठ्ठल होती.

पाणकोंबडा
@तिरकस_तान, आणि तिथे निर्माताही तोच. त्यामुळे मध्यलयरावांचा प्रश्न तिथे सुटलेलाच होता.

रीळवाला
दोन्ही अल्बमांची पहिली सिंगल्स, म्हणजे अल्बमआधी सुटी आलेली गाणी, शेजारी ठेवा. दोन्ही पियानोवर सुरू होतात, त्यामुळे तुलना सोपी जाते.

'ड्रायव्हर्स लायसन्स' (८ जानेवारी २०२१): गाडी सुरू होते, दार उघडं असल्याची टिंगटिंग वाजते आणि पियानो तोच सूर उचलून पुढे जातो. कागदावर लय मिनिटाला १४४ ठोके, कानाला ७२ वाटते. अंतरा, ध्रुवपद, अंतरा, ध्रुवपद आणि मग ब्रिज, म्हणजे शेवटाआधीचा वेगळ्या चालीचा तुकडा. सगळा दारूगोळा ब्रिजसाठी राखलेला: आवाजाचे थर, टाळ्या, रुंद प्रतिध्वनी. ते झालं की गाणं परत खाली येतं. बॅलडची ही जुनी, खात्रीची बांधणी आहे. तिने ती उत्तम वापरली, पण ती तिची नव्हे.

'व्हॅम्पायर' (३० जून २०२३): सुरुवात तशीच, एकटा पियानो. मग किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) येतो, ठोके दाट होत जातात, आणि गाणं पुन्हा खाली येतच नाही. टोकाला जाऊन तिथेच संपतं. ऐकणारा सवयीने शेवटी हळू पियानोची वाट बघत बसतो आणि तो मिळत नाही. शब्दांत जो राग आहे तो निवळलेला नाही, म्हणून चालही निवळत नाही. बांधणी अर्थातून निघाली आहे. मी वाढ म्हणतो ती ही.

आता यात फसण्याच्या जागा. असं चढत जाणारं गाणं एका ठरलेल्या लयीवर ध्वनिमुद्रित करून नंतर संगणकावर ताणलं तर पियानोच्या सुरांच्या शेपट्या गढूळ होतात आणि आवाजात थरथर येते. म्हणून कुठे कोणती लय आणि कुठे ठोका दुप्पट, हे सगळं आधी आखून घ्यावं लागतं आणि गायचं त्यानंतर. दुसरं म्हणजे दर आठ मात्रांना एक नवं वाद्य असा जिना चढवत गेलं तर शेवटच्या ध्रुवपदापर्यंत आवाजासाठी जागाच उरत नाही. मग मिक्स करणारा, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवणारा, गायिकेचा आवाज वर ढकलतो आणि सगळंच कर्कश होतं. 'व्हॅम्पायर' तिथे थोडक्यात वाचलं आहे.

मध्यलय
@रीळवाला, बांधणीचं पटलं. पण बांधणी हे तर निर्मात्याचं खातं. तुम्ही माझाच मुद्दा बळकट करताय.

अर्धा_सूर
@मध्यलय, इथे तारखा बघाव्या लागतात.

'ऑल आय वाँट' हे गाणं तिने २०१९ मध्ये 'हायस्कूल म्युझिकल'च्या मालिकेसाठी लिहिलं. त्यात ती मुख्य भूमिकेत होती, आणि नायग्रो तेव्हा चित्रात नव्हता. 'हॅपियर'चा तुकडा तिने इन्स्टाग्रामवर टाकला होता. तो ऐकून नायग्रोने तिला गाठलं. म्हणजे निर्मात्याने गायिका शोधली ती तिचं लिहिलेलं ऐकून. 'सावर'मधलं 'इनफ फॉर यू' तर पूर्णपणे तिच्या एकटीच्या नावावर आहे.

वाद्यमेळ त्याचा, चाल आणि शब्दांचा सांगाडा बहुतांशी तिचा, अशी ही वाटणी आहे. नायग्रो स्वतः आधी 'अ‍ॅज टॉल अ‍ॅज लायन्स' या बँडचा गायक-गिटारवादक होता. त्यामुळे गिटारचा जोर कुठून येतो हे उघड आहे. पण 'गट्स'मध्ये जो विनोद आहे तो नायग्रोने मिक्समध्ये टाकलेला नाही.

सूरपारंब्या
विनोदाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, त्यात थोडी भर.

'सावर'मधल्या ११ गाण्यांपैकी ८ सरळ त्या एका प्रेमभंगाची. 'ब्रूटल', 'जेलसी, जेलसी' आणि शेवटचं 'होप यू आर ओके' ही तीन वेगळी. त्या आठांत बोलणारी बहुतेक वेळा फिर्यादी असते: तू असं केलंस, तू तसं म्हणालास. 'फेव्हरेट क्राइम'मध्ये ती स्वतःला सहआरोपी करते, पण तेवढंच.

'गट्स'मध्ये ही खुर्चीच हलली आहे. 'बॅड आयडिया राइट?'मध्ये ती जुन्या मित्राकडे निघाली आहे, मूर्खपणा आहे हे तिला कळतंय, मैत्रिणींना काय थाप मारायची तेही ठरलंय. 'गेट हिम बॅक!'मध्ये सूडही हवाय आणि तोही हवाय, एकाच ध्रुवपदात. 'लव्ह इज एम्बॅरसिंग'मध्ये हसू पूर्णपणे स्वतःवर. 'मेकिंग द बेड'मध्ये तर दोषी दुसरं कोणी नाहीच. आणि 'लेसी', 'प्रिटी इजन्ट प्रिटी', 'टीनएज ड्रीम' यांचा प्रेमभंगाशी फारसा संबंध नाही. 'गट्स'ला सरसकट ब्रेकअप अल्बम म्हणणं हीच मुळात ढिलाई आहे.

पाणकोंबडा
सहआरोपी, फिर्यादी... मॅडम वकील दिसतात.

सूरपारंब्या
नाही. पण 'सावर'चा विषय काढल्यावर पाच मिनिटांत वकील लागतोच. श्रेयनामावली बघा.

गल्लीतला_बीथोवन
बरं झालं विषय काढलात. 'सावर'मधली निम्मी गाणी उसनी आहेत, त्यावर कोणीच बोलत नाही.

अर्धा_सूर
निम्मी नव्हेत, तीन. आणि तिन्हींची गोष्ट वेगळी.

'वन स्टेप फॉरवर्ड, थ्री स्टेप्स बॅक' हे टेलर स्विफ्टच्या 'न्यू इयर्स डे'च्या चालीवर बेतलेलं आहे आणि स्विफ्ट व तिचा सहलेखक जॅक अँटोनॉफ यांची नावं पहिल्या दिवसापासून होती. 'देजा वू'मध्ये स्विफ्ट, अँटोनॉफ आणि सेंट व्हिन्सेंट यांची नावं जुलै २०२१ मध्ये, म्हणजे प्रकाशनानंतर जोडली गेली. कारण त्या तिघांच्या 'क्रूएल समर'च्या ब्रिजमधली ओरडून म्हणायची पद्धत. 'गुड फॉर यू'मध्ये पॅरामोर बँडच्या हेली विल्यम्स आणि जॉश फारो यांची नावं ऑगस्टमध्ये आली, त्यांच्या 'मिझरी बिझनेस'शी असलेल्या साम्यामुळे.

दोन गोष्टींची लोक गल्लत करतात. मूळ ध्वनिफितीचा तुकडा उचलला तर तो सॅम्पल. त्याला दोन परवानग्या लागतात, एक ध्वनिफितीच्या मालकाची आणि एक रचनेच्या हक्कदारांची. चाल नव्याने वाजवून किंवा गाऊन घेतली तर फक्त रचनेच्या हक्कदारांशी बोलावं लागतं. रॉड्रिगोची प्रकरणं या दुसऱ्या जातीची. सगळ्यात महाग पडतं ते गाणं गाजल्यानंतर नाव जोडणं, कारण तोवर टक्केवारी ठरलेली असते आणि प्रत्येक लेखकाचा वाटा कापून नव्याने नोंदवावा लागतो. प्रकाशनाआधी विचारलं तर समोरचा घासाघीस करतो. नंतर विचारलं तर तो आकडा सांगतो.

गल्लीतला_बीथोवन
आणि 'ब्रूटल'? एल्विस कॉस्टेलोचं 'पंप इट अप' नाही का ते?

अर्धा_सूर
रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, सारखं आहेच. पण खुद्द कॉस्टेलोने जून २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं की त्याची हरकत नाही, रॉक अँड रोल असंच चालतं. वर त्याने आपण स्वतः डिलनकडून आणि डिलनने चक बेरीकडून काय घेतलं तेही सुचवलं. हक्कदारच खटला भरत नाही म्हटल्यावर आपण कशाला कोर्टात उभं राहायचं?

ध्वनिकोश
गायकीवर कोणीच बोललेलं नाही, म्हणून लिहितो. लांबेल.

'सावर'मध्ये तिच्याकडे मुख्यतः दोन आवाज आहेत. एक श्वासाळलेला, माइकच्या अगदी जवळचा, अंतऱ्यासाठी. दुसरा छातीतून काढलेला पूर्ण, ब्रिज आणि ध्रुवपदासाठी. 'ट्रेटर' ऐका, दोन्ही सापडतात. 'गट्स'मध्ये तिसरा येतो: बोलल्यासारखं गाणं. 'बॅड आयडिया राइट?' आणि 'गेट हिम बॅक!'चे अंतरे जवळपास संवाद आहेत. चौथा म्हणजे 'ऑल-अमेरिकन बिच'च्या सुरुवातीचा पातळ, गोड, मुद्दाम निरागस केलेला स्वर. तो पुढच्या आरडाओरड्यासाठी सापळा म्हणून लावला आहे.

बोलल्यासारखं गाणं सोपं वाटतं, पण ध्वनिमुद्रणात ते सगळ्यात त्रास देतं. कारणं अशी. सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर बोलण्यातला सूर ओळखायला जातं आणि वाक्याच्या शेवटी भलत्याच पट्टीवर नेऊन बसवतं, म्हणून त्या ओळींवर ते बंदच ठेवावं लागतं. सूर नाही म्हटल्यावर पकड फक्त लयीवर. 'ट', 'क', 'प' ही व्यंजनं स्नेअर ड्रमच्या ठोक्याच्या किंचित पुढे गेली तर गायिका घाईत वाटते, मागे राहिली तर बेफिकीर. या गाण्यांना बेफिकीर हवं आहे. पण सगळीच व्यंजनं संगणकाच्या ग्रिडवर, अगदी ठोक्यावर बसवली तर रेल्वे स्टेशनवरची घोषणा होते.

कुजबुज आणि किंचाळी एकाच गाण्यात असतील तर दोन्हींत सहज २० डेसिबलचा फरक पडतो. एकाच फेरीत गाऊन घेतलं तर किंचाळीसाठी ठेवलेल्या पातळीवर कुजबुज बारीक होते, आणि नंतर कॉम्प्रेसरने (लहानमोठ्या आवाजांतला फरक कमी करणारं यंत्र) वर आणताना श्वास, ओठांची चपचप आणि खोलीचा गुंजारव सगळंच वर येतं. उपाय साधा आहे. अंतरे वेगळ्या फेरीत, माइकपासून १० ते १५ सेंटिमीटरवर, जाळी लावून. ध्रुवपद वेगळ्या फेरीत, हातभर मागे सरकून. दोन्ही २४ बिटमध्ये, शिखरं उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवून. बारीक आवाज आपोआप बंद करणारं नॉइज गेट लावू नये. श्वास कापले की दुःखही कापलं जातं.

मागची ओरडणारी टोळी हवी असेल तर तोच आवाज सहा-आठ वेळा घ्यायचा, दर वेळी माइकपासून अंतर बदलून. एकाच जागेवरून आठ वेळा घेतला तर तो टोळी न वाटता एकच जाड माणूस वाटतो.

तिरकस_तान
"श्वास कापले की दुःखही कापलं जातं." हे टी-शर्टवर छापा. आठ वेळा ओरडून छापा, दर वेळी अंतर बदलून.

रीळवाला
@ध्वनिकोश, उत्तम. 'ऑल-अमेरिकन बिच'बद्दल एक जोड. हळू गिटार आणि जोरदार ध्रुवपद यांतला धक्का टिकवणं आजकाल कठीण. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आणून ठेवतं. त्यामुळे ध्रुवपद अजून जोरात करून काही मिळत नाही, उलट शिखरं दाबणारा लिमिटर त्याचा चेंदा करतो. धक्का हवा असेल तर आधीचा भाग खाली घ्यावा लागतो. ध्रुवपदाआधीच्या दोन मापांत एकूण पातळी एखादा डेसिबल उतरवायची, स्टिरिओची रुंदी आवळून मध्यभागी आणायची, खालचे बास सूर काढून टाकायचे. मग दोन वेगळ्या फेऱ्यांत वाजवलेल्या गिटारी डाव्या-उजव्या टोकांना एकदम उघडल्या की आवाज न वाढवताही खोली फुटल्यासारखी वाटते. इथे लोक एकच गिटार कॉपी करून दोन्हीकडे ठेवतात. तशाने रुंदी येतच नाही, आवाज मधोमधच बसतो. एक बाजू काही मिलिसेकंद सरकवली तर रुंदी भासते खरी, पण मोनो स्पीकरवर गिटार पोकळ होते.

कॅसेटकिंग
पोरांनो, तुम्ही २०२१च्या पुढेच बोलताय. अ‍ॅलानिस मॉरिसेट विसरलात? वाढीचा खरा नमुना ती आहे. १९९१ आणि १९९२ मध्ये कॅनडात तिचे दोन नाचायच्या पॉपचे अल्बम आले. मग लॉस एंजेलिसला निर्माता ग्लेन बॅलार्डबरोबर बसली आणि १३ जून १९९५ ला 'जॅगेड लिटल पिल'. जगभरात ३ कोटींवर प्रती, १९९६ मध्ये वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ग्रॅमी, वयाच्या २१व्या वर्षी.

पद्धत बघा. शक्यतो एका दिवसात एक गाणं लिहायचं आणि त्याच दिवशी बॅलार्डच्या घरच्या स्टुडिओत एक-दोन फेऱ्यांत गाऊन टाकायचं. ते आवाज नमुना म्हणून घेतलेले, पण पुढे अल्बममध्ये बरेचसे तेच राहिले. यंत्र होतं अ‍ॅडॅट, व्हीसीआरच्या एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ डिजिटल ट्रॅक. 'यू ऑटा नो'मध्ये मूळ आवाज तोच ठेवून रेड हॉट चिली पेपर्स बँडच्या फ्लीचा बास आणि डेव्ह नवारोची गिटार नंतर बसवली. वाद्यं बदलली, राग बदलला नाही. आता पन्नास फेऱ्यांतले अक्षर-अक्षर जोडून एक आवाज तयार करतात. सूर निर्दोष येतो, पण एका ओळीचा श्वास पुढच्या ओळीला पुरत नाही, आणि तेवढं कानाला कळतं.

(अवांतर: तिचं १९९८चं 'थँक यू' हे भारतभेटीनंतरचं आहे.)

मध्यलय
@कॅसेटकिंग, पण हे माझ्याच बाजूचं उदाहरण झालं. मॉरिसेट बदलली ती निर्माता बदलल्यावर.

कॅसेटकिंग
निर्माता बदलल्यावर, बरोबर. पण बॅलार्डने त्याआधीही पुष्कळांबरोबर काम केलं होतं, त्यांतल्या कोणाचाच 'जॅगेड लिटल पिल' झाला नाही. आणि २०२२ मध्ये मॉरिसेटला कॅनडाच्या गीतकारांच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा तिच्या सन्मानाला उभी होती रॉड्रिगोच. वंशावळ तिने स्वतःच सांगितली आहे.

पाणकोंबडा
ब्रेकअपचा विषय निघाला आणि 'रुमर्स' अजून आला नाही, याबद्दल धागाकर्त्याचा सत्कार.

रीळवाला
घ्या, आलाच. फ्लीटवुड मॅक बँडचा अल्बम, ४ फेब्रुवारी १९७७. एकाच बँडमध्ये दोन जोड्या तुटत होत्या आणि ड्रमरचा संसारही मोडत होता. त्यांतल्या लिंडसी बकिंगहॅमने स्टीव्ही निक्सवर गाणं लिहायचं आणि तिने त्याच्याच मागे साथ गायची, असला प्रकार. पण तांत्रिक किस्सा त्याहून भारी आहे. सॉसॅलिटोच्या 'रेकॉर्ड प्लांट' स्टुडिओत २४ ट्रॅकच्या टेपवर इतक्यांदा भर टाकली की यंत्राच्या हेडवरून घासून घासून टेपवरचा ऑक्साइड झडायला लागला. आधी जातात वरचे सूर, म्हणजे किक आणि स्नेअरची धार. वाचले कसे? सुरुवातीचं वादन एकाच वेळी दोन यंत्रांवर घेतलेलं होतं. दुसरी टेप जवळजवळ कोरी होती. दोन यंत्रं एकत्र धावतील अशी सोय नव्हती, म्हणून एका कानात एक यंत्र, दुसऱ्या कानात दुसरं, आणि हाताने वेग कमीजास्त करत हाय-हॅट आणि स्नेअर जुळवत नंतरची सगळी भर चांगल्या टेपवर उतरवली.

'द चेन' तर ब्लेडने कापून जोडलेलं गाणं. पाचही जणांचं नाव असलेलं त्या अल्बममधलं ते एकमेव.

सूरपारंब्या
आणि निक्सचं 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' बाहेर राहिलं ते एलपीवर जागा नाही म्हणून. ब्रेकअपमधलं बहुधा सर्वांत चांगलं गाणं, गेलं बकिंगहॅमच्या 'गो युअर ओन वे'च्या मागच्या बाजूला. ज्याच्यावर लिहिलं त्याच्याच गाण्याच्या पाठीला बांधलेलं.

विनायल_विनायक
जागेचा विषय निघालाच आहे तर. एलपीच्या एका बाजूला साधारण २० ते २२ मिनिटांपर्यंत आवाज नीट बसतो. त्यापुढे खाचा जवळ आणाव्या लागतात, पातळी उतरते, खरखर वर येते. 'सावर' सुमारे ३५ मिनिटांचा आणि 'गट्स' ३९, म्हणजे दोन्ही एका तबकडीवर आरामात.

पण खरी अडचण आतल्या खाचांची. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे एकाच गतीने फिरते, तरी बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच जाते आणि लेबलजवळ २१. म्हणजे बाजूच्या शेवटच्या गाण्यात 'स', 'श' फाटतात. जवळून गायलेल्या, श्वासाळलेल्या आवाजात तेच जास्त असतात. म्हणून अनुभवी माणसं बाजूच्या शेवटी शांत गाणं ठेवतात आणि कापायला देण्याआधी ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात डी-एसर ('स', 'श' दाबणारं यंत्र) थोडा जास्त लावतात. 'गट्स' संपतो 'टीनएज ड्रीम'वर, आणि ते शेवटाकडे फुगत जातं. तबकडीच्या दृष्टीने वाईट जागा, गोष्टीच्या दृष्टीने हीच योग्य.

शिवाय 'गट्स'च्या वेगवेगळ्या रंगांच्या तबकड्यांवर एकेक छुपं गाणं होतं, एकूण चार. ती मार्च २०२४च्या 'गट्स (स्पिल्ड)'मध्ये उघडपणे आली, अधिक 'सो अमेरिकन'. रंगांसाठी चार तबकड्या घेणाऱ्यांचं काय झालं ते विचारू नका.

तिरकस_तान
त्यांचाही ब्रेकअप झाला. रेकॉर्ड कंपनीशी.

नवीनच_आलोय
एक विचारू का? मला 'गट्स'मधली हळू गाणी कमी पटतात. 'लॉजिकल', 'द ग्रज'. 'सावर'मधलीच वाटतात. वाढ फक्त जोरात गाण्यांत आहे का?

ध्वनिकोश
@नवीनच_आलोय, या धाग्यावरचा सर्वांत चांगला प्रश्न. बऱ्याच अंशी हो. 'द ग्रज' पुन्हा तोच नकाशा: पियानो, चढ, ब्रिजमध्ये स्फोट, उतार. 'व्हॅम्पायर'मध्ये जे मोडलं ते तिथे परत जोडून ठेवलंय. अपवाद 'लेसी'. ते शेवटपर्यंत चढतच नाही. बोटांनी छेडलेली गिटार आणि हलके थर दिलेला आवाज, एवढ्यावरच. मत्सराचं गाणं कुजबुजीत ठेवायला धीर लागतो, कारण न चढणाऱ्या गाण्यात लपायला जागा नसते. सुमार ओळ आली की लगेच दिसते.

मध्यलय
दीडशे प्रतिसादांच्या धाग्यांपेक्षा इथे जास्त मिळालं. माझी स्थिती अशी: गीतलेखनात बोलणारीची जागा बदलली, हे सूरपारंब्यांनी दाखवलेलं मान्य. ती वाढ तिची आहे. गायकीतला तिसरा आवाज, तोही तिचा. पण ध्वनिकोश म्हणतात ते खरं असेल तर बॅलडमध्ये ती आणि नायग्रो दोघेही एकाच खोलीत अडकले आहेत, आणि बाहेर पडायला एकतर खोली बदलावी लागेल किंवा माणूस. पुढच्या अल्बममध्ये पाहायचं ते हेच. निर्माता तोच राहिला आणि तरी हळू गाणी बदलली, तर माझा मूळ संशय मागे घेईन.

अर्धा_सूर
@मध्यलय, जून २०२५ मध्ये ग्लास्टनबरी महोत्सवात तिने क्युअर बँडच्या, विस्कटलेल्या लिपस्टिकसाठी ओळखल्या जाणाऱ्या रॉबर्ट स्मिथला मंचावर आणलं. हळू गाणं न चढवता पाच-सहा मिनिटं धरून कसं ठेवायचं, हे ज्याच्याकडून शिकावं अशांपैकी तो एक. दिशा बरी दिसते.

पाणकोंबडा
म्हणजे आता पोरगी लिपस्टिक विस्कटून येणार.

विनायल_विनायक
'लेसी' तबकडीवर ऐकणाऱ्यांनी सुईचा दाब तपासा. सुई बसवलेल्या बहुतेक साध्या काडतुसांना (कार्ट्रिज) १.८ ते २ ग्रॅम लागतो. कमी ठेवला तर 'स' जास्त फाटतो, आणि लोक दोष मिक्सला देतात.